साखळी-करवत : उपयोग, निगा आणि सुरक्षितता

झाडे तोडण्यासाठी कुऱ्हाड आणि दोन माणसांनी ओढावयाची आडवी करवत हीच साधने आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. आता त्यांची जागा पेट्रोलवर चालणाऱ्या साखळी-करवतीने घेतली आहे. खेडोपाडी हे यंत्र चेन-सॉ किंवा नुसतेच कटर या नावाने ओळखले जाते. दिनांक ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले व नारळ, पोफळी, आंबा आणि फणस यांची असंख्य झाडे आडवी झाली. पुढील वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले. वाड्या आणि रस्ते मोकळे करण्याच्या कामी हे यंत्र फार उपयोगी पडले. हापूस आंब्याच्या जुन्या, उंच वाढलेल्या झाडांचे पुनरुज्जीवन करतानाही फांद्या छाटण्यासाठी ते वापरतात.

यंत्र विकत घेतले म्हणजे दुकानदार ते सुरू करून दाखवितो. परंतु धार कशी लावावी आणि ताणाखाली असलेले लाकूड कसे ओळखावे, या दोन गोष्टी समजावून सांगणारा क्वचितच भेटतो. अपघातांची मुळे बहुधा या दोन अज्ञानांतच असतात. यास्तव प्रस्तुत लेखात त्यांचाच विचार विशेष विस्ताराने केला आहे.

साखळीचे दात

१९४६ साली अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने एका भुंगेऱ्याची अळी लाकूड पोखरीत असलेली पाहिली. ती अळी आपले जबडे डावीकडून उजवीकडे व उजवीकडून डावीकडे चालवून कठीण लाकूड सहज कापीत होती. त्यावरून त्याने साखळीला एकाआड एक डावे आणि उजवे वाकडे दात बसविले. आजच्या साखळ्या त्याच धर्तीच्या आहेत. आपल्याकडील आंब्याच्या खोडात शिरणारा भिरूड हाही लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या त्याच कुळातील आहे. ज्यांनी तारेच्या आकड्याने भिरुडाची अळी बाहेर काढली आहे, त्यांना तिच्या जबड्यांची ताकद सांगावयास नको.

साखळीच्या प्रत्येक दातापुढे एक लहान उंचवटा असतो. दाताने लाकडात किती खोल शिरावे हे तो ठरवितो. दाताच्या माथ्यापेक्षा हा उंचवटा साधारणपणे ०.६५ मिलीमीटर खाली असावा लागतो. काम लवकर उरकावे म्हणून काही मंडळी तो कानशीने बराच घासून टाकतात. असे केल्याने दात लाकडात अधिक खोल रुततो, यंत्र हिसके देऊ लागते आणि पुढे सांगितलेल्या उसळीचा धोका वाढतो. हा उंचवटा अंदाजाने कधीही घासू नये. त्यासाठी मिळणारी मापपट्टी लावून, चपट्या कानशीने, जरूर तेवढाच उतरवावा.

धार गेली आहे हे ओळखण्याची खूण सोपी आहे. धारदार साखळी लाकडाचे जाडसर कपटे बाहेर फेकते आणि आपण होऊन लाकडात ओढली जाते. बोथट साखळीखालून पिठासारखा बारीक भुसा पडतो, लाकडातून धूर निघतो आणि यंत्र दाबून धरावे लागते. दाबून धरणारा माणूस थकतो, त्याचा तोल जातो आणि लाकूड अचानक तुटले म्हणजे यंत्र त्याच्याच पायाकडे येते. बोथट हत्यार निरुपद्रवी असते हा समज या यंत्राच्या बाबतीत अगदी उलटा ठरतो.

धार लावण्यासाठी साखळीच्या मापाची गोल कानस घ्यावी. लहान यंत्रांच्या बहुतेक साखळ्यांना ४ किंवा ४.८ मिलीमीटर जाडीची कानस लागते. नक्की माप यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. इंजिन बंद करून पट्टी लाकडी ओंडक्यावर किंवा शेगड्यात घट्ट बसवावी व हातांत जाड मोजे घालावेत. कानस पट्टीला सरळ काटकोनात न धरता त्यापासून सुमारे ३० अंश तिरपी धरावी. दाताच्या आतील बाजूकडून बाहेर, अशी ती एकाच दिशेने ढकलावी. परत आणताना दातावरून घासू नये. प्रथम एका बाजूचे सर्व दात घासून मग दुसऱ्या बाजूचे घ्यावेत आणि प्रत्येक दाताला सारखेच हात मारावेत. एका बाजूचे दात आखूड राहिले तर काप वाकडा जातो. दाताची लांबी सुमारे ४ मिलीमीटर उरली की ती साखळी टाकून द्यावी.

कामाच्या दिवशी दर वेळी पेट्रोल भरताना दोन-तीन हात कानस मारण्याची सवय लावून घ्यावी. मात्र साखळी क्षणभर जरी मातीत शिरली किंवा दगडाला लागली तरी तिची धार जाते. बांधावरच्या ज्या झाडांना कुंपणाची तार ठोकलेली होती, त्यांच्या खोडात जुने खिळे व तार दडलेली असते. तोडण्यापूर्वी मालकाला अवश्य विचारावे.

पट्टीच्या टोकाची उसळी

पूर्ण वेगात साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर धावते, म्हणजे रस्त्यावरील मोटारीच्या वेगाने. पट्टीच्या टोकाचा वरचा अर्धा भाग या वेगात एखाद्या फांदीला किंवा ओंडक्याला लागला, तर दात तेथे अडकतो आणि सगळी पट्टी वर, चालविणाराच्या तोंडाकडे व मानेकडे उसळते. हे इतक्या झटकन घडते की हात मागे घेण्यास अवधी मिळत नाही. म्हणून उसळी आली तर काय करावे याचा विचार न करता, ती आली तरी पट्टी अंगावर येणार नाही अशा रीतीनेच उभे राहावे.

दोन्ही हातांनी यंत्र धरावे. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून वळवून मूठ पुरती आवळावी. डोके व मान पट्टीच्या रेषेत ठेवू नयेत; किंचित डावीकडे उभे राहावे. खांद्याच्या वर यंत्र उचलू नये. शिडीवर चढून किंवा झाडावर बसून एका हाताने फांदी तोडण्याची पद्धत अनेक ठिकाणी पाहावयास मिळते. ती सर्वथा वर्ज्य समजावी. उंचावरील फांदीसाठी हातकरवत योजावी किंवा दोराचे शिक्षण घेतलेल्या माणसाला बोलवावे.

पुढच्या मुठीसमोरील आडवा दांडा हा ब्रेक होय. तो पुढे ढकलला की साखळी थांबते. रोज काम सुरू करण्यापूर्वी तो चालतो की नाही हे पाहावे. यंत्र सुरू करताना ते जमिनीवर ठेवावे, ब्रेक लावावा, उजव्या पायाचा चवडा मागच्या मुठीत घालावा आणि मग दोरी ओढावी. हातात लोंबते धरून दोरी ओढू नये.

धोतर, लुंगी, उपरणे किंवा सैल बाह्यांचा सदरा घालून हे काम करू नये. डोक्यावर शिरस्त्राण, डोळ्यांवर चष्मा, कानांत बोळे आणि पायांत मजबूत बूट असावेत. करवतीपासून पाय वाचविणारी खास विजार मिळते. तिच्यातील लांब तंतू साखळीत गुंतून तिला जागीच थांबवितात. तिची किंमत जास्त वाटली तर गावातील तीन-चार यंत्रमालकांनी मिळून एक घ्यावी.

वादळाने पाडलेले झाड

पडलेले झाड हे उभ्या झाडापेक्षा अधिक फसवे असते. त्यातील लाकूड कोठे ताणलेले, कोठे दाबलेले असते आणि ते बाहेरून दिसत नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकात पुढील प्रयोग जरूर करून दाखवावा. बांबूची हिरवी कामटी कमानीसारखी वाकवून धरावी. बाहेरच्या, ताणलेल्या अंगावर चाकू टेकविताच ती फाटकन उकलते. आतल्या, दबलेल्या अंगावर चालविल्यास चाकू चिमटला जातो. ओंडक्याचेही नेमके असेच आहे.

खोड दोन्ही टोकांना टेकलेले आणि मध्ये अधांतरी असेल, तर त्याचे वरचे अंग दबलेले व खालचे ताणलेले असते. अशा खोडाला प्रथम वरून जाडीच्या सुमारे एकतृतीयांश काप द्यावा आणि मग खालून कापीत वर यावे. खोड एकाच टोकाला टेकलेले व दुसरे टोक लोंबते असेल, तर प्रकार उलटा होतो. तेथे पहिला काप खालून, दुसरा वरून. सारांश, पहिला उथळ काप दबलेल्या अंगावर व शेवटचा ताणलेल्या अंगावर घ्यावा. खोड बाजूला वाकलेले असल्यास बाहेरच्या फुगीर बाजूस कधीही उभे राहू नये. ते तुटताच त्याच बाजूला झेपावते. पट्टी चिमटली तर यंत्र हिसकू नये. ते बंद करून लाकडाची पाचर मारावी.

मुळांसकट उलथलेल्या झाडाचा बुंधा कापताच मातीचा प्रचंड गड्डा पुन्हा खड्ड्यात उभा बसू शकतो, किंवा पुढे कोसळू शकतो. कापण्यापूर्वी तो दोराने बांधावा आणि खड्ड्याजवळ मुले नाहीत याची खात्री करावी. विजेची तार झाडाखाली दबली असल्यास वीज मंडळाच्या माणसाने ती बंद केल्याचे सांगेपर्यंत झाडाला हात लावू नये.

नारळाचे खोड बाहेरून कठीण आणि आतून मऊ, तंतुमय असते. त्याचे तंतू साखळीच्या चाकात अडकतात. थोड्या थोड्या वेळाने यंत्र बंद करून बाजूचे झाकण उघडावे व ते काढून टाकावेत.

उभे झाड

झाड जिकडे पाडावयाचे त्या बाजूस खोडाच्या जाडीच्या एकचतुर्थांशापर्यंत खाच घ्यावी. मागचा काप खाचेच्या तळापेक्षा ३ ते ५ सेंटीमीटर वर घ्यावा आणि मध्ये जाडीच्या सुमारे एकदशांश लाकूड बिजागरीसारखे राखावे. ही बिजागरीच झाडाला दिशा देते. ती पूर्ण कापू नये. मागे तिरप्या दिशेने पळण्याची वाट आधीच साफ करावी आणि झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरे कोणी असू नये. नारळाच्या तंतुमय खोडातील बिजागरीवर विसंबू नये, शेंड्याला दोर बांधूनच ते पाडावे. झाडे तोडण्याचे नियमन करणारा महाराष्ट्राचा १९६४ चा कायदा अनुसूचीतील झाडांना लागू आहे. आपले झाड तीत येते किंवा नाही हे वन खात्याच्या कार्यालयात आधी विचारावे.

इंधन, तेल व निगा

हे इंजिन दोन-स्ट्रोकचे असल्याने पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. बहुतेक यंत्रांना चांगल्या प्रतीचे दोन-स्ट्रोक तेल लिटरला २० मिलीलिटर पुरते. तरी पुस्तिकेतील प्रमाण अंतिम मानावे. आजच्या पेट्रोलात इथेनॉल असते व ते हवेतील ओलावा शोषते. म्हणून मिश्रण थोडेच करावे आणि यंत्र बरेच दिवस पडून राहणार असेल तर टाकी रिकामी करावी. इंजिन थंड झाल्यावरच पेट्रोल भरावे आणि भरल्या जागेपासून निदान ३ मीटर दूर जाऊन यंत्र सुरू करावे.

साखळीच्या तेलाची टाकी निराळी असते. तीत मोटारीतून काढलेले जळके ऑइल ओतण्याचा प्रघात आहे. त्यातील धातूचे कण पंप व पट्टी खातात आणि ते तेल हातांच्या कातडीलाही अपायकारक असते. तेल पोचते की नाही हे पाहण्यासाठी पट्टीचे टोक पांढऱ्या कागदावर, पण त्याला न लागेल असे, धरून यंत्र चालवावे. कागदावर तेलाची रेघ उमटली पाहिजे.

साखळी पट्टीच्या खालच्या कडेला टेकलेली असावी, तरी मोजा घातलेल्या हाताने सहज ओढता यावी. काम करताना ती तापून सैल होते. तशी ताणली असल्यास काम संपताच पुन्हा सैल करून ठेवावी, कारण थंड होताना ती आखडते व इंजिनाच्या दांड्यावर ताण आणते. हवेची गाळणी रोज झाडावी, पट्टीची खोबण साफ करावी आणि पट्टी वेळोवेळी उलटी बसवावी, म्हणजे ती दोन्ही कडांनी सारखी झिजते.

एकट्याने हे काम करू नये. जखम झाल्यास स्वच्छ फडके जखमेवर घट्ट दाबून धरावे, ते काढून पाहत बसू नये आणि सोबतच्या माणसाने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.