परसातला लाकडी मांडव

प्रश्न : आमचं घर रत्नागिरीजवळ आहे. परसात दहा बाय दहा फुटांचा, घराला न टेकलेला पर्गोला उभारायचा आहे. पाऊस आणि वाळवी यांपुढे लाकूड टिकेल का?

उत्तर : टिकेल, पण खांब मातीत पुरू नका. जमिनीलगतच लाकूड आधी कुजतं. चारही कोपऱ्यांत दोन फूट खोल काँक्रीटचा पाया घ्या. तो जमिनीच्या वर सहा इंच ठेवून माथ्याला किंचित उतार द्या, म्हणजे पाणी साचणार नाही. त्यात गॅल्व्हनाइज्ड लोखंडी बूट बसवून चार बाय चार इंची खांब बोल्टने आवळा. त्याआधी दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे भरले तरच चौकोन काटकोनात आहे.

सागाचा गाभाच घ्या. कडेच्या पांढरट भागाला वाळवी लवकर लागते. खांबांच्या कापलेल्या टोकांना तेल जास्त पाजा, कारण पाणी तिथूनच शोषलं जातं.

भिंतीचा आधार नसल्यामुळे मांडव वाऱ्याने हलतो. म्हणून प्रत्येक खांबापासून दोन्ही तुळयांना ४५ अंशांत तिरके टेकू द्या. खिळ्यांवर भागवू नका.

वरच्या पट्ट्या दक्षिणोत्तर, कडेवर उभ्या बसवा. सकाळचं आणि दुपारनंतरचं तिरपं ऊन अडेल. वेल चढवायचा तर तोंडली चालेल. मधुमालती भरभर वाढते. तिची छाटणी चुकवलीत तर ओल्या वेलाचं ओझं वाशांवर येईल. दरवर्षी पावसाळ्याआधी बोल्ट तपासून तेलाचा हात द्या.