समृद्धीचे दशक आणि समतेचा प्रश्न : १९५० नंतरची अमेरिका

आर्थिक वाढीचा वेग पुरेसा असला की तिची फळे आपोआप समाजाच्या शेवटच्या थरापर्यंत झिरपतात, असे गृहीतक विकासविषयक चर्चेत अनेकदा मांडले जाते. हे गृहीतक तपासून पाहण्यासाठी १९५० च्या दशकातील अमेरिकेइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. दुसऱ्या महायुद्धात त्या देशाचे कारखाने शाबूत राहिले होते, उत्पादनक्षमता वाढली होती आणि कुटुंबांजवळ युद्धकाळातील बचत साठलेली होती. त्यानंतर आलेली भरभराट अभूतपूर्व होती. मात्र ती सर्वांच्या वाट्याला सारखी आली नाही.

धोरणांनी घडविलेली समृद्धी

ही समृद्धी केवळ बाजारपेठेची किमया नव्हती. १९४४ च्या 'जी. आय. बिल' या कायद्याने युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना शिक्षणाचा खर्च, प्रशिक्षण आणि घरकर्जाला शासकीय हमी देऊ केली. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी शिक्षण वा प्रशिक्षणाचा लाभ घेतला. त्यांपैकी सुमारे २२ लाख महाविद्यालयांत गेले. १९३४ मध्ये स्थापन झालेले संघीय गृहनिर्माण प्रशासन घरकर्जांना विमा संरक्षण देत असल्याने बँका दीर्घ मुदतीची कर्जे देण्यास पुढे आल्या. परिणामी स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण १९४० मधील सुमारे ४४ टक्क्यांवरून १९६० मध्ये सुमारे ६२ टक्क्यांवर पोहोचले. १९५६ च्या महामार्ग कायद्यान्वये ४१,००० मैलांच्या आंतरराज्य रस्त्यांचे जाळे विणण्याचे ठरले आणि त्याच्या खर्चाचा ९० टक्के भार केंद्राने उचलला.

या धोरणांनी समाजजीवनाचा चेहरामोहरा पालटला. शहराबाहेर आखीव वसाहती उभ्या राहिल्या. १९५० मध्ये दहापैकी जेमतेम एका घरात असलेला दूरचित्रवाणी संच १९६० पर्यंत दहापैकी जवळजवळ नऊ घरांत पोहोचला. जन्मदर वाढला. दशकाच्या मध्यास सुमारे एकतृतीयांश कामगार संघटित होते व त्यांच्या वेतनवाढीतून नवा मध्यमवर्ग आकारास आला.

दारातच अडलेले नागरिक

'जी. आय. बिल'च्या मजकुरात वर्णभेदाचा उल्लेख नव्हता. परंतु अंमलबजावणी स्थानिक कार्यालये, बँका आणि महाविद्यालये यांच्या हाती होती, आणि दक्षिणेकडील राज्यांत या संस्था वर्णभेदी व्यवस्थेचाच भाग होत्या. १९४७ साली मिसिसिपी राज्यातील १३ शहरांच्या पाहणीत असे आढळले की, शासकीय हमी लाभलेल्या ३,२२९ कर्जांपैकी केवळ २ कर्जे कृष्णवर्णीय माजी सैनिकांना मिळाली होती. गृहनिर्माण प्रशासनाच्या बाबतीत तर दोष नियमांतच होता. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या ते जोखमीच्या मानत असे. न्यूयॉर्कजवळ १९४७ पासून उभारल्या गेलेल्या लेव्हिटटाउन या १७,००० हून अधिक घरांच्या वसाहतीत सुरुवातीच्या करारांनीच गौरेतरांना वास्तव्यास मनाई केली होती. असे करार न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. तरीही व्यवहार फारसा बदलला नाही.

मध्यमवर्गीय कुटुंबाची सर्वांत मोठी मालमत्ता म्हणजे घर. ज्यांना ते त्या काळी नाकारले गेले, त्यांच्या मुलानातवंडांच्या वाट्यालाही वारसा कमी आला. त्या वंचनेचे परिणाम म्हणूनच एका पिढीपुरते मर्यादित राहिले नाहीत.

समतेसाठी संघर्ष

शीतयुद्धाच्या भीतीमुळे या काळात मतभेदाकडे संशयाने पाहिले जाई. साम्यवादी असल्याचे बेछूट आरोप करणारे सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांचा सिनेटने १९५४ च्या डिसेंबरमध्ये ६७ विरुद्ध २२ मतांनी निषेध केला. तोवर अनेकांना नोकऱ्या गमवाव्या लागल्या होत्या. अशा वातावरणात समतेची मागणी करणे हेच धाडस होते.

१७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात शाळांमधील वर्णविभाजन एकमताने घटनाबाह्य ठरविले. १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरी येथे बसमधील जागा सोडण्यास नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांना अटक झाली आणि बसवर बहिष्कार सुरू झाला. ३८१ दिवस लोकांनी पायपीट केली, वाहने वाटून वापरली. पण निर्धार सोडला नाही. या लढ्यातून पुढे आलेले डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी महात्मा गांधींच्या अहिंसक प्रतिकाराचा आधार घेतला होता व १९५९ मध्ये ते भारतभेटीवरही आले. १९५७ मध्ये लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत प्रवेश मिळवून देण्यासाठी अध्यक्ष आयझेनहॉवर यांना सैन्य पाठवावे लागले. त्याच वर्षी १८७५ नंतरचा पहिला नागरी हक्क कायदा संमत झाला. पुढे १९६४ चा नागरी हक्क कायदा, १९६५ चा मताधिकार कायदा आणि घरांच्या विक्रीभाड्यातील भेदभावास प्रतिबंध करणारा १९६८ चा कायदा यांचा पाया याच दशकात घातला गेला.

समारोप

खासगी सुबत्ता आणि सार्वजनिक सेवांची हेळसांड एकाच वेळी कशी नांदते, याकडे अर्थतज्ज्ञ जॉन केनेथ गालब्रेथ यांनी १९५८ मधील 'द ॲफ्लुएंट सोसायटी' या ग्रंथात लक्ष वेधले. पुढे १९६१ ते १९६३ या काळात ते भारतातील अमेरिकेचे राजदूत होते.

या दशकाचा अभ्यास करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. पहिली, व्यापक समृद्धी घडविण्याचे सामर्थ्य सार्वजनिक धोरणात असते. दुसरी, कागदावर सर्वांसाठी खुली असलेली योजना समाजातील विषमतेची दखल न घेता राबविली गेली, तर तीच विषमता ती शासनाच्या पैशाने अधिक घट्ट करते. म्हणून योजनेचे यश मोजताना एकूण लाभार्थी किती, एवढेच विचारून भागत नाही. पात्र असूनही दारातून परत कोण गेले, हेही विचारावे लागते.