संगणकाच्या पडद्यावरील खिडक्या व मेनू : प्रथम शिकणाऱ्यांसाठी पाठ

ग्रामपंचायतीच्या कचेरीत संगणक हा आता नवलाईचा विषय राहिलेला नाही. २०११ साली सुरू झालेल्या ‘संग्राम’ प्रकल्पामुळे व पुढे २०१६ पासून ‘आपले सरकार सेवा केंद्रां’मुळे तो खेडोपाडी पोहोचला. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उताराही त्याच्या द्वारे मिळू लागला. यंत्र गावात आले खरे. परंतु ते चालविण्याचे ज्ञान मात्र पुष्कळ ठिकाणी एकाच खुर्चीपाशी थांबले आहे. त्या खुर्चीमागे उभा राहून, पडद्यावर काय चालले आहे हे न उमगता, ‘झाले का?’ एवढेच विचारणारा शेतकरी आजही दिसतो. त्याच्या नावातील एक अक्षर किंवा बँक खात्यातील एक आकडा चुकला, तर अनुदान अडून राहते, आणि चूक कोठे झाली हे त्यास शेवटपर्यंत समजत नाही. पडदा वाचता येऊ लागला, तर अर्ज पाठविण्यापूर्वीच तो चूक दाखवून देऊ शकेल. प्रस्तुत पाठाचा हेतू एवढाच आहे. यात ‘विंडोज’ प्रणालीचा संगणक गृहीत धरला आहे. कारण सरकारी कचेऱ्यांतून बहुधा तोच आढळतो.

खिडकी म्हणजे काय ?

संगणक सुरू झाला की प्रथम जो मोकळा पडदा दिसतो, त्यास ‘डेस्कटॉप’, म्हणजे मेजाचा पृष्ठभाग, असे नाव आहे. त्यावर लहान लहान चित्रे असतात. तळाशी एक आडवी पट्टी असते. तिला ‘टास्कबार’ म्हणतात. या पट्टीवरील चार चौकोनांचे चिन्ह म्हणजे ‘स्टार्ट’ बटण होय. हे बटण व ही पट्टी १९९५ सालच्या ‘विंडोज ९५’ पासून चालत आली आहेत. पूर्वी हे बटण डाव्या कोपऱ्यात असे. २०२१ साली आलेल्या ‘विंडोज ११’ मध्ये ते पट्टीच्या मध्याकडे सरकले. त्यामुळे जुन्या यंत्रावर शिकलेला मनुष्य नव्या यंत्रासमोर क्षणभर गोंधळतो. बटण तेच आहे, जागा तेवढी बदलली आहे.

कोणताही प्रोग्रॅम उघडला की तो एका चौकटीत उघडतो. या चौकटीस खिडकी, म्हणजेच ‘विंडो’, म्हणतात. हे नाव थोडे फसवे आहे. भिंतीतील खिडकी जागची हलत नाही. ही मात्र उचलून दुसरीकडे ठेवता येते, लहानमोठी करता येते, दुसरीखाली झाकूनही जाते. मेजावर एकावर एक पसरलेल्या कागदांची उपमा येथे अधिक चपखल ठरते. वरचा कागद दिसतो, खालचा दिसत नाही; पण दिसत नाही म्हणून तो नाहीसा झालेला नसतो. ही एक गोष्ट मनात पक्की बसली, म्हणजे नवशिक्याची निम्मी भीती ओसरते.

माऊसच्या डाव्या बटणाची एक टिचकी वस्तू निवडते. लागोपाठ दोन टिचक्या चित्र उघडतात. उजव्या बटणाची टिचकी त्या वस्तूसंबंधी करता येण्याजोग्या कामांची यादी दाखविते. नांगर धरून राठ झालेल्या बोटांना दोन टिचक्या झटपट मारणे प्रथम जड जाते. त्यात ओशाळण्याचे कारण नाही. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘माऊस’ या सदराखाली दोन टिचक्यांमधील वेळ वाढविण्याची सोय आहे. डावखुऱ्या मनुष्यासाठी दोन्ही बटणांची अदलाबदलही तेथेच करता येते.

कोपऱ्यातील तीन खुणा

खिडकीच्या माथ्यावर तिचे नाव असते. हे नाव वाचण्याची सवय प्रथमपासून लावून घ्यावी. गारपिटीने नुकसान झालेल्या शेतकऱ्यांची गेल्या वर्षीची यादी आणि यंदाची यादी अशा दोन खिडक्या एकाच वेळी उघड्या आहेत असे समजा. दोन्हींत तीच नावे, तेच रकाने. माथ्यावरील नाव न पाहता लिहू लागल्यास यंदाचे क्षेत्र गेल्या वर्षीच्या यादीत जाऊन बसेल. कळफलकावर जे टंकले जाते, ते ज्या खिडकीवर शेवटची टिचकी मारली तिच्यातच उमटते. पाहणाऱ्याची नजर कोठे आहे याच्याशी संगणकाला कर्तव्य नसते.

त्याच माथ्याच्या उजव्या टोकास तीन खुणा असतात. आडवी रेघ खिडकीस खालच्या पट्टीवर नेऊन ठेवते. ती बंद होत नाही, केवळ दृष्टीआड होते; पट्टीवरील तिच्या चिन्हावर टिचकी मारताच जशीच्या तशी परत येते. मधला चौकोन खिडकीस पडदाभर पसरवितो. पसरल्यावर तेथे एकावर एक असे दोन चौकोन दिसतात, आणि त्यांवर टिचकी मारल्यास खिडकी पूर्वीच्या आकारास येते. फुली मात्र खिडकी बंद करते. रेघ व फुली यांतील हा भेद न कळल्याने फार घोटाळे होतात. समोर बसलेल्या दुसऱ्या शेतकऱ्यास आधीच्या माणसाचा बँक खाते क्रमांक दिसू नये म्हणून कर्मचारी रेघ दाबतो आणि काम संपले असे समजतो. खिडकी तर पट्टीवर उघडीच असते. जेथे लोकांचे आधार क्रमांक व खाते क्रमांक हाताळले जातात, तेथे काम संपताच प्रथम संकेतस्थळावरील ‘लॉग आउट’ दाबावे व मगच फुलीने खिडकी बंद करावी.

माथ्याची पट्टी माऊसने दाबून धरून ओढली असता खिडकी हलते. कडेवर बाण नेला की तो दोन तोंडांचा होतो. त्या वेळी दाबून ओढल्यास आकार बदलतो. खिडकीत न मावणारा मजकूर उजव्या कडेच्या उभ्या सरकपट्टीने खालीवर करून पाहावा. अर्जाच्या तळाशी असलेले महत्त्वाचे प्रश्न पुष्कळदा या पट्टीच्या अज्ञानामुळे वाचावयाचे राहून जातात.

मेनू कसा वाचावा ?

मेनू म्हणजे प्रोग्रॅमला देता येणाऱ्या आज्ञांची यादी. ‘लिब्रेऑफिस रायटर’ या विनामूल्य प्रोग्रॅममध्ये माथ्याखाली ‘फाईल’, ‘एडिट’, ‘व्ह्यू’ अशी शब्दांची ओळ दिसते. प्रत्येक शब्दाखाली एक यादी दडलेली असते. ‘मायक्रोसॉफ्ट वर्ड’मध्ये २००७ पासून त्या जागी चित्रांची रुंद पट्टी आली आहे. तत्त्व तेच आहे. यादी उघडून पाहिल्याने काहीही बिघडत नाही, हे नवशिक्यास निक्षून सांगावे. नकोशी यादी उघडली गेल्यास ‘एस्केप’ कळ दाबावी, ती मिटते.

यादीतील खुणांना अर्थ असतो, व तो फारसा कोणी शिकवीत नाही. एखाद्या आज्ञेपुढे तीन टिंबे असतील, तर ती आज्ञा लगेच अमलात येणार नाही. संगणक आधी आणखी काही विचारील, असा त्याचा अर्थ. म्हणून ‘प्रिंट’ या शब्दापुढे टिंबे असल्यास त्यावर टिचकी मारताच कागद सुटेल ही भीती बाळगू नये. आज्ञेच्या उजवीकडे लहान बाण असेल, तर तिच्या पोटात आणखी एक यादी आहे. जी अक्षरे फिकट राखाडी दिसतात, ती आज्ञा त्या क्षणी उपलब्ध नाही. ‘कॉपी’ फिकट दिसत असेल, तर मजकूर निवडलेला नाही एवढेच समजावे; यंत्र नादुरुस्त झालेले नसते. उजव्या कडेला ‘कंट्रोल’ आणि एखादे अक्षर लिहिलेले असते. तीच आज्ञा कळफलकावरून देण्याची ती वाट होय. ‘कंट्रोल’ व ‘झेड’ ही जोडी प्रथम पाठ करावी. नुकतीच केलेली कृती ती मागे घेते. मजकूर एकाएकी पुसला गेला की घाबरून आणखी कळा दाबण्यापेक्षा ही जोडी दाबावी.

धुळीने वा उंदराच्या दातांनी माऊस निकामी झाला तरी काम अडत नाही. ‘आल्ट’ कळ दाबल्यावर मेनूची ओळ जागी होते व बाणांच्या कळांनी तिच्यातून फिरता येते. ‘आल्ट’ धरून ‘टॅब’ दाबल्यास उघड्या खिडक्यांपैकी हवी ती पुढे आणता येते.

‘सेव्ह’ आणि प्रश्नांची चौकट

मजकूर लिहून फुली दाबली की मध्यभागी एक लहान चौकट येते. बदल जतन करावयाचे काय, असे ती विचारते. तिच्यात तीन बटणे असतात : ‘सेव्ह’, ‘डोन्ट सेव्ह’ आणि ‘कॅन्सल’. पहिल्याने लिहिलेले राहते. दुसऱ्याने, शेवटच्या वेळी जतन केल्यानंतर लिहिलेले सर्व जाते. तिसऱ्याने काहीच होत नाही. मनुष्य कामाकडे परत येतो. घाईत दुसरे बटण दाबून दिवसभराची यादी घालविल्याची तक्रार अनेक कचेऱ्यांतून ऐकू येते. अर्थ लागत नसेल, तेव्हा ‘कॅन्सल’ दाबावे व जाणकारास विचारावे. ‘विंडोज ११’ मधील नव्या ‘नोटपॅड’सारखा एखादा प्रोग्रॅम न विचारताही मजकूर राखून ठेवतो, पण सर्वच तसे करतील या भरवशावर राहू नये.

ही चौकट उघडी असताना मागच्या खिडकीवर कितीही टिचक्या मारल्या तरी ती दाद देत नाही. नुसता आवाज होतो. संगणक ‘अडकला’ असे समजून कोणी वीजच बंद करतो. वस्तुतः तो उत्तराची वाट पाहत असतो. ती चौकट शोधून तिला उत्तर द्यावे.

ग्रामीण भागात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. सबब दर पाचदहा ओळींनंतर ‘कंट्रोल’ व ‘एस’ दाबून मजकूर जतन करावा. बॅटरीची सोय असली तरी हा नियम मोडू नये; बॅटरी जुनी होते व ऐन वेळी दगा देते.

महाजालावरील खिडक्या

संकेतस्थळे ज्या प्रोग्रॅममध्ये उघडतात त्यास ‘ब्राउझर’ म्हणतात. त्याच्या माथ्यावर वहीच्या खुणेच्या पानांसारखे कप्पे, म्हणजे ‘टॅब’, असतात, व प्रत्येक कप्प्यास स्वतःची फुली असते. कप्प्याची फुली तेवढेच पान मिटविते. कोपऱ्यातील मोठी फुली सर्व पाने एकदम मिटविते. अर्धा भरलेला अर्ज या मोठ्या फुलीस बळी पडतो.

उतरवून घेतलेला सातबारा पुष्कळदा ‘सापडत नाही’. तो बहुधा ‘डाउनलोड्स’ नावाच्या फोल्डरमध्ये असतो. तोच उतारा पुन्हा उतरविला तर त्याच नावापुढे १, २ असे आकडे लागत जातात. अशा चार प्रतींतून जुनी प्रत बँकेस जाऊ नये म्हणून तारीख पाहून नवी निवडावी व बाकीच्या पुसून टाकाव्यात.

यंत्र मंद असले की बाणाच्या जागी फिरते वर्तुळ दिसते. या वेळी हात आवरावा. पुन्हापुन्हा टिचक्या मारल्याने काम लवकर होत नाही. तीच खिडकी चारदा उघडते आणि यंत्र अधिकच मंद होते.

काही संकेतस्थळांवर खिडकीसारखे दिसणारे नुसते चित्र येते. ‘संगणकात विषाणू शिरला आहे, या क्रमांकावर ताबडतोब दूरध्वनी करा’ अशा मजकुराचे ते असते. ही लबाडी होय. तो क्रमांक फिरवू नये, व त्या चित्रातील फुलीही दाबू नये; कारण ती फुली खरी असेलच असे नाही. ‘आल्ट’ धरून ‘एफ ४’ दाबावे, किंवा खालच्या पट्टीवरील चिन्हावर उजवी टिचकी मारून खिडकी बंद करण्याची आज्ञा निवडावी.

सरावासाठी

सराव खऱ्या अर्जावर करू नये. ‘कॅल्क्युलेटर’ व ‘नोटपॅड’ उघडावेत. ‘विंडोज’ची कळ धरून डावा बाण दाबल्यास खिडकी पडद्याच्या डाव्या अर्ध्यात बसते, दुसरी उजव्या अर्ध्यात तशीच बसवावी. मग एक हिशेब घ्यावा. एखाद्या पिकास ५० किलो नत्र द्यावयाचे आहे. युरियात ४६ टक्के नत्र असते. ५० ला ०.४६ ने भागल्यास सुमारे १०८.७ किलो युरिया येतो. गोणी ४५ किलोची असल्याने त्यास पुन्हा ४५ ने भागावे, सुमारे २.४ गोण्या होतात. उत्तर ‘कंट्रोल’ व ‘सी’ने उचलून ‘नोटपॅड’मध्ये ‘कंट्रोल’ व ‘व्ही’ने ठेवावे, आणि फाईलला नाव देऊन जतन करावी. मराठीत लिहिण्यासाठी यंत्रावर मराठी कळफलक बसविलेला असल्यास ‘विंडोज’ कळ धरून ‘स्पेस’ दाबल्याने भाषा बदलते. केंद्रचालकाने शेतकऱ्यास माऊस स्वतः हाताळू द्यावा. पाहून पोहता येत नाही, तसेच हेही आहे.

काम संपल्यावर भिंतीवरील बटण एकदम बंद करू नये. सर्व खिडक्या मिटवाव्यात, ‘स्टार्ट’मधील ‘पॉवर’ या चिन्हावर टिचकी मारून ‘शट डाउन’ निवडावे, यंत्राचा दिवा विझेपर्यंत थांबावे, आणि मगच वीज बंद करावी.