सुतार पक्षी

अक्कलकुव्याच्या सातपुड्यातील सागवनात 'टक् टक्' असा आवाज घुमतो. तो सोनेरी पाठीच्या सुतार पक्ष्याचा असतो. नराचा माथा व तुरा लालभडक असतो. मादीच्या काळ्या कपाळावर पांढरे ठिपके असतात. ताठ शेपटीचा टेकू देऊन हा पक्षी खोडावर चढतो, चोचीने साल फोडतो व लांब जिभेने अळ्या, मुंग्या टिपतो. चोचीनेच कोरलेल्या ढोलीत मादी बहुधा तीन पांढरी अंडी घालते.

त्याने सोडलेल्या ढोलीत इतर पक्षी संसार थाटतात. १८८४ नंतर शंभरांहून अधिक वर्षे निश्चितपणे न आढळलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात पुन्हा दिसला. तोही ढोलीतच घरटे करतो. म्हणून वठलेले झाड निरुपयोगी समजून तोडू नये. ते पडले, की सुताराचे अन्न जाते आणि रानपिंगळ्याचे घर!