बुराई कोरडी, टाकी भरलेली

शिंदखेड्यात नळाला पाणी कधी येणार हे विचारायचं नसतं, आलं की भरून घ्यायचं असतं. तालुक्यातून बुराई नदी वाहते, पण पावसाळा सरला की पात्रात उरते वाळू, आणि संध्याकाळी क्रिकेट. अशा गावात मी पुढच्या खोलीत ॲमेझॉनच्या खोऱ्यातले ऑस्कर मासे पाळतो. का, याचं पटण्याजोगं उत्तर मला आजवर देता आलेलं नाही. विचारणाऱ्याला मी चहा देतो आणि त्याचं लक्ष टाकीकडे वळवतो. मात्र हे मासे सांभाळताना काही गोष्टी कळत गेल्या. त्यातल्या बऱ्याचशा माशांबद्दल नाहीतच.

१. मासा पाळण्याआधी पाणी पाळावं लागतं. मासे जिथून आणतो त्या सुरतेच्या दुकानदाराने हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, गिऱ्हाइकाला गुंतवायची ही एक बोलायची तऱ्हा. पुढे कळलं की हे सरळसरळ रसायनशास्त्र आहे. मासा खातो आणि कल्ल्यांतून, विष्ठेतून अमोनिया सोडतो. तो त्याच्याच जिवावर उठतो. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट. ही जिवाणूंची वसाहत फिल्टरच्या स्पंजात नांदायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पंप चालू, दिवा चालू, आत एकही मोठा मासा नाही. घरातली माणसं आधी टाकीकडे बघायची, मग माझ्याकडे.

नायट्रेट मात्र आपण होऊन कुठे जात नाही. आठवड्याला पाव भाग पाणी काढून नवं घालावंच लागतं. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत अडीचशे लिटर मावतं. त्याचा पाव भाग म्हणजे चार-पाच हंडे. हंड्यांचा हिशेब आमच्या गल्लीत कुणाला शिकवावा लागत नाही. बादल्या ओतताना मला पाहून आई एवढंच म्हणाली, “मानसेस्ले पेवाले पानी नई, आन तू मासास्ले आंघोय घालस!” यावर काय बोलणार? तिचं बरोबर होतं, अजूनही आहे. तडजोड अशी झाली की टाकीतून काढलेला एक थेंबही मोरीत जायचा नाही. ते पाणी म्हणजे पातळ खतच. कढीपत्ता आणि लिंबोणी त्यावर अशा काही माजल्या, की आता आईच विचारते, पाणी कधी बदलणार म्हणून. राग गेला असं मी म्हणणार नाही. लिंबं मात्र शेजारीही जातात.

आणि ते पाणी तरी कसं? बोअरचं, काळ्या पाषाणातून आलेलं, जड. तपेल्याच्या तळाशी पांढरा थर सोडणारं. ॲमेझॉनचं पाणी मऊ आणि किंचित आम्ल. मला याची फार धास्ती होती. पण भारतात मिळणारे ऑस्कर इथल्याच संवर्धकांकडे पिढ्यान् पिढ्या वाढलेले असतात; चेन्नईचं कोळत्तूर तर शोभेच्या माशांसाठीच ओळखलं जातं. माझ्या ऑस्करने ॲमेझॉन पाहिलेली नाही. मीही नाही. तेवढ्या बाबतीत आम्ही बरोबरीचे. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनसाठी अँटीक्लोरीनचे थेंब टाकले की त्याला बोअर चालते, नळ चालतो. टँकर तेवढा मी टाळतो. तो कुठून भरून आलाय हे कुणी सांगत नाही.

२. दुकानात दिसतं ते बाळ असतं. वाक्य वाचायला सोपं आहे, पण दोन इंचांचं ते गोजिरवाणं पिल्लू समोर वळवळत असताना ते आठवत नाही. ऑस्कर पहिल्या काही महिन्यांत महिन्याला जवळजवळ इंचभर वाढतो आणि फूटभराचा होतो. त्याच दुकानात ‘शार्क’ म्हणून मिळणारं चंदेरी पिल्लू शार्क नसतंच. तो मेकाँग नदीतला पंगास, मीटरभराहून लांब होणारा. हॉटेलात ‘बासा’ म्हणून जो तुकडा येतो, तो बहुतेक वेळा ह्याच शार्कचा. लाल शेपटीचा, मिशाळ रेडटेल कॅटफिशही असाच मीटर ओलांडतो. आणि बाजारात ‘रूपचंद’ म्हणून कापून मिळतो तो पाकू पिरान्हाच्या गोतातला, दक्षिण अमेरिकेतून आलेला. थोडक्यात, पुढच्या खोलीतले आणि स्वयंपाकघरातले पाहुणे कधीकधी एकाच घराण्यातले असतात.

३. भूक आणि हावरेपणा यांतला फरक मला माणसांतही कळत नव्हता. ऑस्करने निदान शंका घ्यायला शिकवलं. मी खोलीत आलो की तो काचेला नाक लावून शेपटी हलवू लागतो. त्याच्या डोळ्यांत असा काही भाव असतो, की महिनाभर ह्याला कुणी विचारलेलं नाही. खाऊन दहा मिनिटं झालेली असली तरी तोच भाव. त्याला खाऊ घालणारे हात ओळखू येतात, आणि त्या हातांच्या मालकांची कमजोरीही. मी सकाळी घालतो. नंतर शाळेतून आल्यावर मुलगी घालते, मला न सांगता. दुपारी बायको “बिचारा बघत होता” म्हणून चार दाणे टाकते. संध्याकाळी पाणी गढूळ, आणि घरातले सगळे निर्दोष.

वाढलेल्या ऑस्करला दिवसातून एकदा, दोनेक मिनिटांत संपेल एवढंच पुरतं. आठवड्यातून एक दिवस काहीच दिलं नाही तर उलट बरं. हा नियम घरात कुणी मानेना. मग मी एकादशी लावून दिली. ती पंधरवड्याला येते, म्हणजे शास्त्राच्या निम्मीच. पण निदान पाळली जाते. त्या दिवशी आई स्वतः पहारा करते.

काय द्यायचं, हाही एक संसारच. रोजचे तयार दाणे, अधूनमधून सोललेली कोळंबी, मऊ केलेले वाटाणे. कोंबडी-मटण नाही, जनावराची चरबी त्याला पचत नाही. पावसाळ्यात गल्लीतली मुलं उत्साहाने नाकतोडे धरून आणतात, आणि मी त्यांना फौजदाराच्या थाटात विचारतो, “कोणत्या शेतातला?” आमचा तालुका कपाशीचा. फवारणी झालेल्या शेतातला नाकतोडा म्हणजे टाकीत औषधच सोडणं. मागच्या परसातला चालतो. मुलांना हे इतकं पाठ झालंय, की काही जण आता प्रत्येक नाकतोडा परसातलाच असल्याचं शपथेवर सांगतात.

४. जिवंत मासा जिवंत माशाला घालण्यात मर्दुमकी नाही. हिवताप विभाग डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे देतो. ते ऑस्करला ‘खेळायला’ सोडा, असा सल्ला मला पुष्कळ जणांनी दिला. मी तो मानला नाही. बाहेरचा मासा बाहेरचा रोगही घेऊन येतो, हे त्याचं शहाणं कारण. खरं कारण असं की गप्पीचं काम रांजणात आणि हौदात आहे, आणि आमच्या गल्लीतले डास बघता त्याला तिथेच राहू द्यावं.

५. खानदेशच्या उन्हाची मी तयारी केली होती, थंडीने गाठलं. पारा ४४ च्या वर जाणारा मुलूख म्हटल्यावर उष्ण कटिबंधातल्या माशाला हीटर कशाला? पण डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा कधीकधी पाच-सहा अंशांवर येतो, आणि ऑस्करला हवं २४ ते २८. एक लिटरला एक वॅट असा ढोबळ हिशेब. म्हणजे माझ्या टाकीला अडीचशे-तीनशे वॅटचा हीटर. तोही जाळीच्या आवरणातच, कारण ऑस्करला काचेची नळी आवडत नाही. त्याला आवडत नाही ते तो हलवतो, आणि हलत नसेल तर फोडतो. घरात गरम पांघरुणं माणसांना वाटून घ्यावी लागतात आणि मासा २६ अंशांत झोपतो, यावर पाहुणे बोलतात. मी ऐकून घेतो.

उन्हाळ्याचा तोडगा मात्र खानदेशानेच दिला. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. २० अंशांना लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३५ ला जेमतेम ७. मुंबईचे शौकीन चिलर घेतात. आमच्याकडे मे महिन्याची हवा इतकी कोरडी, की पाण्याच्या पृष्ठावर नुसता एक छोटा पंखा फिरता ठेवला तरी बाष्पीभवनाने पाणी तीन-चार अंश उतरतं. समुद्रकाठच्या दमट हवेत ही युक्ती निम्मीही चालत नाही. आमच्या कोरडेपणाचा कुणालातरी उपयोग झाला, याचा मला जरा जास्तच अभिमान आहे. अर्थात उडून गेलेल्या पाण्याची भरपाई पुन्हा हंड्यानेच. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप. इन्व्हर्टरवर कुणाचा पहिला हक्क, टीव्हीचा की माशांचा, हा वाद आमच्या घरी दर उन्हाळ्यात नव्याने होतो.

६. पाण्याला वजन असतं. अडीचशे लिटर म्हणजे अडीचशे किलो, वर काच आणि लोखंडी स्टँड. टाकी एकदा ठेवली की ती हलत नाही. सोफा हलतो, कपाट हलतं, दिवाळीची रांगोळीही जागा बदलते.

७. मासा रुसतो, हे मी आधी कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो. टाकीतले दगड इकडचे तिकडे केले की ऑस्कर तळाशी आडवा पडून राहतो, रंग काळवंडलेला, जावई रुसावा तसा. पहिल्यांदा पाहणारा मेलाच म्हणून समजतो. तासाभराने उठून तो तेच दगड तोंडाने उचलून स्वतःच्या मनाप्रमाणे लावतो. रोपं उपटून तरंगत ठेवतो. मी मोठ्या हौसेने समुद्रतळाचं चित्र मागे चिकटवलं होतं. गोड्या पाण्यातल्या माशामागे प्रवाळ बघून विज्ञानाचे एक शिक्षक फार हसले. ऑस्करने त्या चित्राची दखलच घेतली नाही. त्याच्या शेपटीपाशी डोळ्यासारखा एक गोल ठिपका असतो. शेपूट कुरतडणाऱ्या माशांना फसवण्यासाठी तो असावा, असं अभ्यासक मानतात. आमच्याकडे येणारी माणसं हमखास त्या खोट्या डोळ्याशी बोलतात.

८. मोठा मासा पाळला की लोक तुमच्या नशिबाची चौकशी करतात. अरोवाना घे, पैसा येतो. फ्लॉवरहॉर्न घे, कपाळाचा टेंगूळ वाढला की भरभराट. फ्लॉवरहॉर्न हा निसर्गातला मासाच नव्हे, १९९० च्या दशकात मलेशियात संकरातून घडवलेला. आशियाई अरोवानाचा तर आंतरराष्ट्रीय व्यापारच अत्यंत काटेकोर नियमांखाली येतो, आणि भारतात अशा प्रजातींची नोंदणी आता बंधनकारक आहे. सहसा घरोघरी दिसतो तो दक्षिण अमेरिकेतला चंदेरी अरोवाना. झाडाच्या फांदीवरचा किडा टिपायला पाण्याबाहेर झेपावणारा हा प्राणी. टाकीवर वजन ठेवलेलं झाकण नसेल तर भरभराट सकाळी फरशीवर सापडते. मला त्याची दुसरीच गोष्ट भावते. त्याच्यात अंडी आणि पिल्लं बाप तोंडात सांभाळतो, आणि तेवढा काळ त्याचं खाणं जवळजवळ सुटतं. हे नशिबाच्या जाहिरातीत कुणी छापत नाही.

बाकी गावातल्या जाणत्यांना नशिबात रस नसतो. मुडावदला पांझरा-तापीच्या संगमावर जाऊन आलेला एक म्हातारा टाकीपुढे बराच वेळ उभा राहिला. मला वाटलं, सौंदर्य बघतोय. मग म्हणाला, “हाऊ मासा खातस का रे भो?” खातात, म्हटलं, ॲमेझॉनकाठचे लोक. तेव्हा त्याला माझ्या छंदात पहिल्यांदा काही अर्थ दिसला.

९. तुम्ही मोठे मासे ठेवता ही बातमी फिरली, की दुसऱ्यांचे वाढलेले मासे तुमच्या दारी येतात. वाढदिवसाला घेतलेला शार्क फूटभराचा झाला, काच साफ करायला आणलेला सकर आता काचेकडे बघतही नाही. घ्या ना भाऊ. नाही म्हटलं तर पुढचं वाक्य ठरलेलं: “मग सुलवाडे बॅरेजमध्ये सोडून देतो, पुण्य लागेल.” इथे मी पहिल्यांदा आवाज चढवतो. बॅरेजमध्ये सोडलेला मासा बॅरेजमध्येच राहत नाही; खाली तापीवरच प्रकाशाचं बॅरेज आहे, उकाईचं धरण आहे. सकर मासा देशातल्या कितीतरी नद्या-तळ्यांत जाऊन बसला, तो कुणाच्या तरी घरातूनच. २०२३ साली भोपाळच्या तलावात आणि श्रीनगरच्या दल सरोवरात उत्तर अमेरिकेतला ॲलिगेटर गार सापडला. तो तिथवर पोहत आला नव्हता. आफ्रिकन मागूरवर बंदी येऊन वीस वर्षं उलटली, तरी तो अजून पकडला जातोय.

हे सगळं सांगून झाल्यावर समोरचा मासा मात्र माझ्याच हातात उरतो. माझी टाकी भरलेली. बहुतेक सुरतेच्या दुकानदाराकडे परत जातात, सुरत-भुसावळ गाडीने, प्राणवायू भरलेल्या पिशवीतून. एक शार्क तेवढा दोंडाईच्याच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने त्याच्या प्लास्टिक अंथरलेल्या, ओढ्यानाल्याला न जोडलेल्या शेततळ्यात ठेवून घेतला. परवा त्याचा फोन आला. “भो, तुन्हा शार्क दोन किलोना व्हई गया. आते काय करू?” त्याच्या घरी मासे आवडीने खातात, हे मला माहीत आहे. मे महिन्यात शेततळं आटतं. तोवर थांब, मग बोलू, असं मी सांगितलंय.