सही करण्याआधी घर कोणत्या प्रकारचं ते बघा

वडिलांचं तेरावं उरकलं आणि भावाने कागद पुढे केला. ‘सोसायटीत नाव चढवायचंय, इथे सही कर.’ वर ठळक अक्षरांत ‘हक्कसोडपत्र’ आणि खाली ‘स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय’. मावशी म्हणाली, ‘तुझ्या लग्नात काय कमी केलं होतं?’ मी सही केली नाही. कागदाची प्रत घेऊन वकीलबाईंकडे गेले. तिथे कळलं ते माहेर असलेल्या प्रत्येकीला ठाऊक हवं.

परळचा फ्लॅट वडिलांच्या कमाईचा, मृत्युपत्र नाही. अशा घरात 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने बायको, मुलगा, मुलगी सारखे वाटेकरी. मुलीचं लग्न झालं म्हणून वाटा जात नाही. आमच्यात आई, भाऊ आणि मी, प्रत्येकी एक तृतीयांश. भाऊ नॉमिनी होता, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वारस ठरेपर्यंत सोसायटी त्याला तात्पुरता सभासद करते.

वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने 1994 साली मुलींना हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळलं. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. वडील त्याआधी वारले असले तरी मुलीचा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वीची रीतसर वाटणी मोडता येत नाही.

लालबाग-गिरगावच्या चाळीतली पागडीची खोली वेगळी. तिथे आपण भाडेकरू. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाडेकरू गेल्यावर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाचा हक्क आधी येतो. त्यामुळे सासरी नांदणाऱ्या मुलीने तिथे वाटा गृहीत धरू नये. पुनर्विकासाची बोलणी सुरू असतील तर भाडेपावती कुणाच्या नावे आहे ते आधी बघा.

मृत्यूचा दाखला, शेअर सर्टिफिकेट, करारनामा यांच्या प्रती जवळ ठेवा. सोसायटीला लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र रद्द करून घेणं फार कठीण. फसवणूक झाली हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

आमच्याकडे शेवटी आईच्या हयातीत घर विकायचं नाही, असा लेखी करार झाला. भावाला वाटा द्यायचाच असेल तर जरूर द्या, पण काय देतोय ते समजून द्या. आणि आईचाही वाटा असतो. तिला नीट समजावून सांगितल्याशिवाय तो कुणाला लिहून घेऊ देऊ नका.