जिवंत मोरी मागायला कोणी आलं तर काय सांगायचं?



मागच्या हंगामात जेटीवर दोन-तीनदा असं घडलं. होडी लागली, टोपल्या उतरल्या, आणि कोणीतरी पाहुणा हळूच येऊन विचारतो, "लहान मोरी जिवंत मिळेल का? घरी काचेच्या टाकीत ठेवायची आहे." किलोच्या भावापेक्षा चांगले पैसे द्यायची त्याची तयारी असते. तांडेल हसतो, खलाशी एकमेकांकडे बघतात, आणि कधीकधी व्यवहार होऊनही जातो. आता आपल्याच घरातली पोरं मोबाईलवर व्हिडिओ बघून हट्ट धरू लागली आहेत. म्हणून आजचा धडा यावर. मोरी म्हणा, मुशी म्हणा, शार्क म्हणा: ती घरच्या खाऱ्या टाकीत जगते का, आणि जगवायची तर काय लागतं?

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. मोरीवर वेळेत बर्फ पडला नाही तर दुपारपर्यंत तिला उग्र वास सुटतो. बांगड्याला, सुरमईला असा वास येत नाही. कुजल्याचा वास वेगळा. हा नाकात झोंबणारा, गोठ्यात येतो तसा. तो अमोनियाचा. समुद्राच्या खारटपणाशी शरीराचा तोल राखण्यासाठी मोरी आपल्या रक्तामांसात युरिया साठवून ठेवते. होय, शेतात टाकतात तोच युरिया. मोरी मेली की जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात. आंबोट-तिखात आंबट घातलं की तो वास दबतो, ते यामुळेच. आपल्या आयाबायांना हे रसायनशास्त्राचं पुस्तक न उघडता ठाऊक होतं.

आता हीच मोरी जिवंत, आणि बंद टाकीत. ती कल्ल्यांतून आणि लघवीतून युरिया सतत पाण्यात सोडत असते. खाल्लेल्या माशाची घाण वेगळी. टाकीतले जिवाणू त्याचा अमोनिया करतात. समुद्रात हे सगळं भरती-ओहोटीबरोबर निघून जातं. टाकीतून कुठे जाणार?

आमच्या घरातलीच गोष्ट सांगतो. भाच्याने तीन फुटी टाकी आणली. जेटीवरून कॅन भरून पाणी आणलं, दोन फुगेवाले पंप लावले आणि जाळ्यात आलेलं वीतभर पट्टेरी पिल्लू त्यात सोडलं. पिल्लू पहिल्या रात्री फिरलं, दुसऱ्या दिवशी सुंगट खाल्लं. पोरगा इतका खूश की रोज तीन-तीन सुंगटं घालू लागला. सहाव्या सकाळी ते तळाशी उताणं पडलेलं. भाचा रडत म्हणाला, "मामा, पाणी तर काचेसारखं स्वच्छ होतं!" खरंच स्वच्छ होतं. अमोनिया दिसत नाही, सुरुवातीला वासही येत नाही, आणि तेवढ्यातच तो कल्ले जाळतो. पाणी जितकं गरम आणि जितकं अल्कधर्मी, तितका तो जास्त विषारी. समुद्राचं पाणी मुळातच अल्कधर्मी, त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे. शिवाय जेटीचं पाणी म्हणजे डिझेल आणि मासळी धुतलेलं पाणी, ही चूक आम्हा मोठ्यांच्याही लक्षात आली नाही.

म्हणून मोरी पाळणाऱ्याला पहिला प्रश्न टाकीच्या आकाराचा विचारू नका. विचारा, "टाकी किती दिवस चालू आहे?" नव्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू नसतात, ते वाढवावे लागतात. पाणी भरून, गाळणी चालू करून, मासा न सोडता, त्यात सुंगटाचा तुकडा कुजू द्यायचा. चाचणी-किटने बघत राहिलं की आधी अमोनिया चढताना दिसतो. मग एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे बरंच सौम्य असतं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन टिकले की गाळणी 'पिकली' म्हणायची. याला चार ते सहा आठवडे लागतात. घाई करून चालत नाही, जसं लोणचं घाईने मुरत नाही. ज्याची टाकी काल आली आणि मोरी आज पाहिजे, त्याला सरळ नाही म्हणावं.

उरलेलं नायट्रेट पाणी बदलूनच कमी होतं. ते साठत गेलं तर मोरीच्या शरीराला आयोडीन नीट घेता येत नाही आणि घशाखाली गाठ येते. माणसाला होतो तोच गलगंड. मोठमोठ्या मत्स्यालयांतल्या शार्कनाही हा आजार झालेला आहे, म्हणून तिथे खाण्यातून आयोडीन देतात.

दुसरा प्रश्न: कुठली मोरी? इथे बहुतेकांची फसगत 'लहान' या शब्दाने होते. लहान म्हणजे जात लहान की वय लहान? दुकानात कधीकधी काळ्या टोकाच्या पंखांची रीफ शार्क पिल्लू म्हणून विकतात; ती दीड मीटरच्या पुढे वाढते. आणि नुसती जात लहान असूनही भागत नाही. आपल्या जाळ्यात सगळ्यात जास्त येते ती चपट्या, फावड्यासारख्या तोंडाची मोरी. ती पूर्ण वाढली तरी पाऊण मीटरच्या आतच राहते. पण ती पोहणाऱ्या कुळातली आहे. असल्या शार्क पुढे सरकताना तोंडातून पाणी घेऊन कल्ल्यांवरून सोडतात, म्हणून त्यांना धावायला जागा लागते. काचेच्या चौकोनात ती नाक आपटून घेते आणि संपते. म्हणजे लांबी बघून ठरवायचं नाही. तळाशी निवांत पडून श्वास घेणारी आहे का, हे बघायचं.

तशी आहे ती बांबू शार्क. आपल्या किनाऱ्यावर करडी बांबू शार्क तळाच्या जाळ्यांत येते. अंग बारीक, शेपूट लांबलचक, नाकाशी दोन आखूड मिशा, पाठीवरचे दोन्ही पंख मागे सरकलेले. पिल्लांवर गडद पट्टे असतात, वाढली की ते पुसट होतात. ही मोरी तोंडाने पाणी ओढून कल्ल्यांवरून ढकलते, त्यामुळे खडकाच्या कपारीत तासन्‌तास पडून राहू शकते. लांबी पाऊण मीटरच्या आसपास. तिची तपकिरी पट्ट्यांची बहीण मीटरभर होते आणि टाकीत पंचवीस वर्षांपर्यंत जगू शकते. पंचवीस वर्षं! हट्ट धरणारा पोरगा तोवर बाप झालेला असेल.

गोड्या पाण्याच्या टाकीत 'बाला शार्क', 'रेडटेल शार्क' म्हणून जे मिळतात, ते शार्क नव्हेत. ते रोहू-कटल्याच्या कुळातले. आणि 'इरिडेसंट शार्क' म्हणजे हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो तो पंगस. इंदूर-हैदराबादच्या नातेवाईकांनी विचारलं तर एवढं जरूर सांगा.

आता टाकी. पूर्ण वाढलेल्या बांबू शार्कला वळायला जागा हवी, म्हणून उंचीपेक्षा तळ महत्त्वाचा. आठ फूट लांब, चार फूट रुंद, आणि पाणी दोन फूट, असं धरा. चौसष्ट घनफूट, म्हणजे सुमारे १८०० लिटर. वजन पावणेदोन टनाच्या वर, काच आणि खडक वेगळे. घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून बांधतात. इथे नुसत्या पाण्याचाच ६०० किलोच्या वर जातो. माडीवर, फ्लॅटमध्ये ही टाकी नकोच. तळमजल्यावर, तेही पक्क्या जमिनीवर. आमच्या भाच्याच्या टाकीत दोनशे लिटरसुद्धा मावत नव्हतं.

मिठाचा हिशेब असा. समुद्रापासून दूर राहणाऱ्याला तयार सागरी मीठ लिटरला सुमारे ३५ ग्रॅम घालावं लागतं. १८०० लिटरला ६३ किलो, आणि दर वेळी पाणी बदलताना पुन्हा. जेवणातलं किंवा आगरातलं मीठ चालत नाही. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम समुद्राच्या प्रमाणात नसतं. आपल्याला वाटतं, आपण किनाऱ्यावरचे, आपल्याला पाणी फुकट. पण १ जून ते ३१ जुलै बंदीच्या दिवसांत मांडवी-जुवारीचं पुराचं पाणी किनाऱ्याजवळ पसरलेलं असतं. ते चाखून बघा, निम्मं गोडं लागेल. टाकीतल्या पाण्याची घनता हायड्रोमीटरवर १.०२० ते १.०२५ च्या दरम्यान लागते. तेव्हा पावसाळ्याचं पाणी आधीच खोल समुद्रातून आणून झाकून ठेवावं लागेल. पावसाळ्यात वीज जाते ती वेगळीच गोष्ट. बांबू शार्क थोडा वेळ कमी प्राणवायूत तग धरते, गाळणीतले जिवाणू तेवढे धरत नाहीत. बॅटरीवरचा हवेचा पंप हवाच.

आतली मांडणी सोपी आहे. तळाला बारीक वाळू. खडीने पोट खरचटतं आणि जखम चिघळते. लपायला कपार, पण खडक आधी काचेवर टेकवून मग भोवती वाळू घालायची, नाहीतर मोरी खालून उकरते आणि खडक तिच्यावरच कोसळतो. वर घट्ट झाकण. इतर माशांना आजार झाला तर दुकानदार तांब्याचं औषध देतो. ते मोरीच्या टाकीत कधीही नाही, तिला ते विष आहे. आणि वायरी तपासून घ्या. मोरीच्या थोबाडावर बारीक छिद्रं असतात, त्यांतून तिला अगदी सूक्ष्म वीज कळते. वाळूखाली दडलेला खेकडा ती त्यावरच शोधते. टाकीत गळका करंट असेल तर तिला किती त्रास होत असेल, विचार करा.

खाणं आपल्याच टोपलीतलं: सुंगटं, माकूळ, माशाचे तुकडे. पिल्लाला दिवसाआड, मोठीला आठवड्यात दोन-तीन वेळा, संध्याकाळी, कारण ती रात्रीची शिकारी. नवी मोरी काही दिवस तोंड लावत नाही. न खाल्लेला तुकडा लगेच काढायचा. नुसत्या तारल्यांवर ठेवू नका. तारलीच्या कुळातल्या माशांत ब१ जीवनसत्त्व मोडणारा घटक असतो आणि गोठवूनही तो जात नाही. अदलाबदल करावी, आणि मत्स्यालयांतल्यासारखी जीवनसत्त्वाची गोळी तुकड्यात लपवून द्यावी. चिकन-मटण अजिबात नको.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, मग पाळायचीच नाही का? पाळतात, नीट पाळतात. बांबू शार्क टाकीत अंडीही घालते. अमेरिकेत डेट्रॉइटच्या बेल आइल मत्स्यालयात २००२ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या बांबू शार्कने नराशिवाय घातलेल्या अंड्यांतून पिल्लं निघाली! पण जो खरंच तयार आहे, त्याने टाकीत जन्मलेलं पिल्लू घ्यावं. ते पहिल्यापासून हातच्या खाण्याला सरावतं. जाळ्यात दोन तास ओढलेली, डेकवर उन्हात पडलेली मोरी वरून धडधाकट दिसली तरी आतून खचलेली असते.

आणि आपला हिशेब वेगळा आहे. तारली-बांगडा लाखाच्या भाषेत अंडी सोडतात. बांबू शार्क एका वेळी दोन अंडी घालते, आणि ती फुटायला जवळपास चार महिने लागतात. चार चांगल्या नोटांसाठी दिलेली एक मादी समुद्राला भरून काढायला फार काळ लागतो. कायद्याचंही भान ठेवा. व्हेल शार्क आणि करवतमासा २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि २०२२ च्या दुरुस्तीत अनुसूच्या नव्याने लिहिल्या गेल्या. ओळख पटत नसेल तर जिवंत मोरी विकण्याआधी मत्स्य खात्याला विचारा. "मला माहीत नव्हतं" हे उत्तर चालत नाही.

तर जाळ्यात बांबू शार्क जिवंत आली तर असं करा. हात ओले करा. शेपटीला धरून उचलू नका, पाठीचा कणा दुखावतो. एक हात छातीखाली, एक शेपटीच्या मुळाशी. उन्हात ठेवू नका, टोपल्या भरायच्या आधी तिला सोडा, फेकू नका. तपकिरी, चपटी, चामड्याच्या बटव्यासारखी पिशवी जाळ्याला अडकून आली तर ते तिचं अंडं असू शकतं. टॉर्चसमोर धरा, आत वळवळ दिसली तर पिल्लू जिवंत आहे. धागे न ओढता हळू सोडवा आणि त्याच पाण्यात परत टाका.

अशी पिशवी दिसली तर टाकण्याआधी एक फोटो काढा आणि या पानावर पाठवा. सोबत तारीख, किती वाव पाणी होतं आणि कुठलं जाळं होतं, एवढं लिहा. नेमकी जागा लिहायची गरज नाही, तुमची जागा तुमच्याकडेच राहू द्या.